दंडाचं ऑपरेशन झालं, पण हात आधीपेक्षा जाड का दिसतोय? आर्म लिफ्टनंतरच्या सुजेचं पूर्ण गणित

वजन खूप कमी केलेल्या माणसाला विचारा, आता कशाचा त्रास होतो? बऱ्याचदा उत्तर एकच येतं. काट्यावरचा आकडा उतरला, जुने कपडे सैल झाले, पण हात वर केला की दंडाखालची कातडी लोंबते. स्लीव्हलेस सोडाच, नेहमीच्या ब्लाउजची बाहीसुद्धा नीट बसत नाही. घामाने काखेत चट्टे उठतात, ते वेगळंच.

आता ३०-४० किलो वजन उतरलं की हे होणारच. डंबेल्स मारून स्नायू घट्ट होतात, पण वर्षानुवर्षं ताणली गेलेली कातडी पुन्हा आक्रसत नाही. मग पर्याय उरतो ऑपरेशनचा. त्याला म्हणतात आर्म लिफ्ट, डॉक्टरांच्या भाषेत ब्रॅकिओप्लास्टी.

अमेरिकेत हे ऑपरेशन किती झपाट्याने वाढलं बघा. तिथल्या प्लास्टिक सर्जन्सच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २००० साली जेमतेम ३०० च्या वर महिलांनी ते करून घेतलं होतं. २०१२ साली हाच आकडा १५,००० च्या पुढे गेला. भारतात बॅरिअॅट्रिक सर्जरी तर बऱ्याच वर्षांपासून होतेय. त्यात मार्च २०२५ मध्ये मुंजारो आणि जून २०२५ मध्ये वेगोवी ही वजन कमी करणारी इंजेक्शनं बाजारात आली. म्हणजे लोंबणाऱ्या दंडांचा प्रश्न आता आपल्याकडेही जास्त लोकांना पडणार.

पण इन्स्टाग्रामवर 'आधी' आणि 'नंतर' असे दोनच फोटो दिसतात. मधले कित्येक आठवडे कुणी दाखवत नाही. त्या मधल्या काळात हात सुजतो, कडक होतो, बोटं जाड होतात आणि दंड ऑपरेशनच्या आधीपेक्षा मोठा दिसायला लागतो. काही जण घाबरून रात्री दोन वाजता गुगल करत बसतात. काही जण उलट करतात, धोक्याची सूजसुद्धा 'ऑपरेशन झालंय, एवढं तर होणारच' म्हणून अंगावर काढतात. दुसरी चूक जास्त महागात पडते.

म्हणून ही सूज का येते, किती दिवस राहते, कशाने उतरते आणि कोणत्या सुजेला डॉक्टरला फोन लावायचा, हे सगळं समजून घेऊ.

आधी बघू, ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात?

काखेपासून कोपरापर्यंत दंडाच्या आतल्या किंवा मागच्या बाजूने लांब काप घेतात. जादाची कातडी आणि तिच्याखालची चरबी काढतात आणि उरलेली कातडी ताणून शिवतात. कातडी थोडीच सैल असेल तर काखेतल्या छोट्या कापावर काम भागतं. वजन खूपच उतरलेलं असेल तर काप काखेतून छातीच्या कडेपर्यंत जातो. काही जणांना सोबत लायपोसक्शनही करतात.

बहुतेक वेळा दोन्ही हातांचं ऑपरेशन एकदमच होतं. म्हणजे जखम एकाच दिवशी दोन जागी, आणि तीही अशा अवयवांवर ज्यांच्याशिवाय साधा पाण्याचा ग्लासही उचलता येत नाही. सूज सांभाळणं इथे अवघड जातं त्याचं एक मोठं कारण हेच आहे.

सूज येतेच का?

याची तीन कारणं आहेत आणि तिन्ही एकाच वेळी काम करतात.

पहिलं कारण, शरीराची दुरुस्ती. कातडी कापली की शरीर त्या जागी पांढऱ्या पेशी आणि दुरुस्तीचं साहित्य पाठवतं. त्यासाठी तिथल्या बारीक रक्तवाहिन्या रुंद होतात, त्यांच्या भिंती थोड्या झिरपायला लागतात आणि रक्तातलं पाणी आजूबाजूच्या मांसात उतरतं. जागा लाल होते, गरम लागते, सुजते, दुखते. सुश्रुत संहितेतही जखमेच्या सुजेला शोथ म्हटलंय आणि कच्ची, पिकत असलेली आणि पिकलेली अशा तीन अवस्था वेगवेगळ्या ओळखायला सांगितल्या आहेत. सूज दिसली एवढ्यावर थांबायचं नाही, ती कोणत्या प्रकारची आहे ते बघायचं, हा धडा इतका जुना आहे.

दुसरं कारण दंडासाठी खास आहे. शरीरात रक्तवाहिन्यांखेरीज आणखी एक जाळं असतं, लसीका वाहिन्यांचं. लसीका म्हणजे लिम्फ. मांसात साचलेलं जादा पाणी आणि प्रथिनं गोळा करून परत रक्तात नेऊन सोडणं हे या जाळ्याचं काम. घरातल्या सांडपाण्याच्या पाइपलाइनसारखं समजा. आता हाताच्या मुख्य लसीका वाहिन्या जातात कुठून? दंडाच्या आतल्या बाजूने वर, काखेतल्या लसीका ग्रंथींकडे. म्हणजे काप घेतात त्याच्या अगदी शेजारून. सर्जन कितीही जपून काम करो, वरच्या थरातल्या बारीक वाहिन्या कापल्या जातातच. पाइप तुटला की पाणी तुंबतं. म्हणून ऑपरेशन दंडाचं झालं तरी सूज मनगटावर, पंजावर आणि बोटांवर दिसते. पुढे काही आठवड्यांत नव्या वाटा तयार होतात आणि पाणी पुन्हा वाहायला लागतं.

तिसरं कारण, गुरुत्वाकर्षण. हात दिवसभर खाली लोंबता राहिला की पाणी खाली उतरतं. लसीकेला हृदयासारखा स्वतंत्र पंप नाही. स्नायूंची हालचाल, श्वास आणि वाहिन्यांचं स्वतःचं हळू आकुंचन यांच्या जोरावर ती पुढे सरकते. हात हलवला नाही, तर ती रेंगाळते.

किती दिवस राहते?

प्रत्येकाचं शरीर वेगळं, कापाची लांबी वेगळी, त्यामुळे तारीख कुणीच सांगू शकत नाही. पण साधारण कॅलेंडर असं असतं:

- पहिले २-३ दिवस: सूज वाढत जाते. ऑपरेशनच्या दिवसापेक्षा तिसऱ्या दिवशी हात जास्त सुजलेला दिसला तर ते अपेक्षितच आहे. निळे-जांभळे डाग दिसतात आणि ते हळूहळू कोपराकडे सरकतात.
- पहिला ते दुसरा आठवडा: सूज स्थिरावून उतरायला लागते. हात जड आणि ताठ वाटतो. दंडाचा काही भाग बधिर लागतो.
- तिसरा ते सहावा आठवडा: बरीचशी सूज जाते. पण सकाळी हात बारीक आणि संध्याकाळी जाड असा खेळ चालू राहतो.
- तीन ते सहा महिने: आतली उरलेली सूज आणि कडकपणा कमी होतो. दंडाचा खरा आकार आता दिसतो.
- एक ते दीड वर्ष: व्रणाची लाली जाऊन तो फिका आणि मऊ होतो.

दोन्ही हातांची सूज एका मापाने उतरत नाही. ज्या हाताने जास्त काम होतं, तो बऱ्याचदा मागे राहतो. थोडा फरक चालतो. एकच हात अचानक फुगला तर तो वेगळा विषय आहे, त्याकडे पुढे येऊ.

एक सोपी युक्ती आहे. शिंप्याची टेप घ्या. मनगट, कोपराखाली चार बोटं आणि कोपराच्या वर चार बोटं अशा तीन जागांचं माप दर दोन दिवसांनी एकाच वेळी घेऊन वहीत लिहा. आरसा रोज वेगळंच सांगतो, टेपवर विश्वास ठेवता येतो. तपासणीला जाताना ही वही डॉक्टरांनाही उपयोगी पडते. बँडेज असेल तर मापासाठी ते सोडू नका, ते निघाल्यावर सुरुवात करा.

सूज उतरवायची कशी?

१. हात हृदयाच्या वर ठेवा. हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष होणारा उपाय. पाठीवर थोडं उंच झोपा आणि दोन्ही बाजूंना उशांची उतरंड रचा. पंजा कोपरापेक्षा उंच, कोपर छातीपेक्षा उंच. पाणी उतारावरून वाहतं, तोच हिशोब. कोपर पूर्ण दुमडून छातीवर ठेवू नका, त्या घडीत प्रवाह अडतो. कुशीवर झोपायची सवय असेल तर पहिले काही आठवडे ती सोडावी लागते.

आणि 'उंच' म्हणजे हात डोक्याच्या वर ताणून नव्हे. खांद्याच्या वर कोपर नेलं की काखेतल्या टाक्यांवर ताण येतो आणि जखम उघडण्याची भीती तिथेच जास्त असते. साधारण पहिले दोन-तीन आठवडे हे टाळायला सांगतात. म्हणजे लोकलची कडी धरणं, माळ्यावरचा डबा काढणं, दोरीवर कपडे वाळत घालणं बंद.

२. प्रेशर गारमेंट नीट घाला. ऑपरेशननंतर आधी इलॅस्टिक बँडेज आणि नंतर घट्ट बाह्यांचा गारमेंट देतात. तो बाहेरून सारखा दाब देतो, त्यामुळे पाणी साचायला जागा राहत नाही. बहुतेक सर्जन चार ते सहा आठवडे तो घालायला सांगतात, सुरुवातीला अंघोळ सोडली तर दिवसरात्र.

पण दाब आणि फास यात फरक आहे. गारमेंटची वरची किंवा खालची कड गुंडाळली गेली की ती दोरीसारखी आवळते आणि तिच्या पुढचा हात आणखी सुजतो. घडी पडली की लगेच सरळ करा. जास्त घट्ट म्हणजे जास्त फायदा, असं समजून एक साइज लहान मागवू नका. मनगटापर्यंतच बाही असेल आणि पंजा सुजत असेल, तर पंजासाठी वेगळं कव्हर लागेल का ते डॉक्टरांना विचारा.

घट्टपणा तपासायचा कसा? बोटाचं नख दाबा, ते पांढरं पडेल. सोडल्यावर दोनेक सेकंदांत पुन्हा गुलाबी झालं तर रक्त नीट पोचतंय. नख पांढरंच राहत असेल, बोटं गार किंवा निळसर पडत असतील, मुंग्या वाढत असतील तर गारमेंट सैल करा आणि लगेच डॉक्टरला कळवा. त्यासाठी नेलपॉलिश काढून ठेवलेलं बरं.

मुंबई-कोकणातली दमट हवा आणि विदर्भातला मे महिना, दोन्हीकडे हा गारमेंट म्हणजे शिक्षाच वाटते. उपाय म्हणजे दोन जोड घ्या, एक अंगात आणि एक वाळत. काख कोरडी ठेवा. घामाने ओला झालेला गारमेंट तसाच अंगावर वाळवू नका, काखेत बुरशी आणि पुरळ येतं. टाक्यांवर पावडर मारू नका.

३. हालचाल करा, कष्ट नको. ऑपरेशनच्या दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीतल्या खोलीत चालायला लावतात. पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून ते गरजेचं असतं. हातासाठी दर तासाला दहा-पंधरा वेळा मूठ हळू बंद करा आणि उघडा, मनगट फिरवा. मूठ आवळली की स्नायू वाहिन्यांना दाबतात आणि पाणी पुढे ढकललं जातं. सोबत चार-पाच खोल श्वास घ्या, कारण श्वासानेही लसीका वर खेचली जाते.

वजन मात्र उचलायचं नाही. पाण्याने भरलेली बादली, भरलेला कुकर, गॅस सिलिंडर, कडेवरचं मूल, सगळं काही आठवडे दुसऱ्याच्या वाट्याला. जिम, पोहणं, सूर्यनमस्कार हे साधारण सहा आठवड्यांनंतर आणि तेही डॉक्टरांनी होकार दिल्यावर.

४. ताटाकडे बघा. मीठ जास्त गेलं की शरीर पाणी धरून ठेवतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे साधारण एक चमचाभर मीठ खावं. आपल्याकडे भाजीत मीठ बेताचंच असतं हो, पण ताटाच्या डाव्या बाजूला लोणचं, पापड आणि चटणी बसलेली असतात. वर चहासोबत फरसाण. काही आठवडे हे कमी केलं तरी फरक जाणवतो. पाणी मात्र कमी करायचं नाही. कमी पाणी प्यायलं म्हणून ही सूज लवकर उतरत नाही.

त्याहून महत्त्वाचं आहे प्रोटीन. रक्तात अल्ब्युमिन नावाचं प्रथिन असतं, ते पाण्याला रक्तवाहिनीतच धरून ठेवतं. ते कमी झालं की पाणी बाहेर झिरपतं आणि सूज हटत नाही. जखम भरायलाही प्रोटीनच लागतं. आता गंमत बघा, आर्म लिफ्ट करून घेणारे बरेच जण बॅरिअॅट्रिक सर्जरी झालेले किंवा भूक मारणारी इंजेक्शनं घेतलेले असतात. त्यांचं खाणं आधीच कमी असतं. अशांमध्ये प्रोटीन, लोह, बी-१२ आणि डी जीवनसत्त्व यांची कमतरता सापडते. त्यामुळे या रक्ततपासण्या ऑपरेशनच्या आधीच करून घ्यायला हव्यात. डाळ, उसळ, अंडी, मासे, चिकन, पनीर, दही यापैकी काही ना काही प्रत्येक जेवणात असू द्या. किडनीचा आजार असेल तर प्रोटीनचं प्रमाण डॉक्टरांनाच ठरवू द्या.

५. तंबाखू बंद. कुठल्याही रूपात. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आक्रसतात. ताणून शिवलेल्या कातडीला आधीच रक्त बेताचं मिळत असतं, तेही तुटलं की कातडीची कड काळी पडू शकते आणि जखम उघडते. सिगारेट ओढत नाही म्हणजे आपण सुटलो, असं नाही. मिश्री, गुटखा, तंबाखू-चुना आणि व्हेप यातही निकोटिनच आहे. मिश्रीला तर अनेक घरांत व्यसन मानतच नाहीत, त्यामुळे डॉक्टरने विचारल्यावर ती सांगितलीही जात नाही. ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर हे सगळं बंद ठेवायला सांगतात.

ड्रेन लावला असेल तर?

काही सर्जन जखमेत बारीक नळी ठेवतात आणि तिला छोटी बाटली किंवा फुगा जोडतात. आत साचणारं पाणी त्यात उतरतं. त्याचा रंग आधी लाल, मग गुलाबी, मग पिवळसर होत जातो. २४ तासांत साधारण ३० मिलीपेक्षा कमी जमायला लागलं की नळी काढतात. घरी सोडताना नळी असेल तर रोज किती मिली जमलं ते लिहून ठेवा. फिका होत आलेला रंग पुन्हा लालभडक झाला किंवा नळी अचानक कोरडी पडून दंड फुगायला लागला, तर फोन करा.

घरगुती उपाय, जे इथे उलटतात

घरात ऑपरेशन झालेलं माणूस आलं की सल्ल्यांचा पाऊस पडतो. आजी, मावशी, शेजारच्या काकू, सगळ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण या जखमेला काही सल्ले चालत नाहीत.

- गरम शेक: उष्णतेने रक्तवाहिन्या आणखी रुंद होतात, सूज वाढते. शिवाय दंड बधिर असतो, त्यामुळे चटका बसला तरी कळत नाही आणि फोड उठल्यावरच लक्षात येतं.
- थेट बर्फ: याच बधिरपणामुळे बर्फानेही कातडी भाजते. गार शेक द्यायचा का, कुठे आणि किती मिनिटं, हे सर्जनला विचारूनच. दिला तरी मध्ये कापड हवं.
- तेल लावून रगडणं: ताज्या टाक्यांवर जोर पडला तर आत रक्तस्राव होऊ शकतो, जखम उघडू शकते.
- हळदीचा किंवा झाडपाल्याचा लेप: हळद पोटात गेली तर ठीक, उघड्या टाक्यांवर नको. लेपाबरोबर जंतूही आत जातात, आणि पिवळ्या थराखाली लाली दिसत नाही.
- 'पाण्याची गोळी': लघवी वाढवणारी गोळी मेडिकलमधून आणून घेऊ नका. ही सूज तुटलेल्या वाहिन्यांची आहे, किडनीची नाही. गोळीने रक्तदाब आणि क्षार बिघडतील, हात तसाच राहील.
- कुठलीही पेनकिलर: अॅस्पिरिन आणि तशा काही गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. चिठ्ठीवर लिहिलेलं औषधच घ्या.

अजून एक गोष्ट, अंगठ्या आणि बांगड्या. ऑपरेशनच्या आधी सगळ्या काढाव्या लागतात. बोट सुजलं की अंगठी फास बनते आणि मग ती कापूनच काढावी लागते. काचेच्या बांगड्या काढायला काही घरांत नाराजी असते, पण सूज पूर्ण उतरेपर्यंत त्या डब्यातच राहू द्या. सूज गेल्यावर भरता येतातच.

मग लिम्फॅटिक मसाज म्हणजे काय?

इन्स्टाग्रामवर या मसाजचे भरपूर रील फिरतात. मॅन्युअल लिम्फॅटिक ड्रेनेज असं त्याचं पूर्ण नाव. डेन्मार्कच्या एमिल आणि एस्ट्रिड व्होडर या जोडप्याने १९३० च्या दशकात ही पद्धत विकसित केली. यात कातडी अगदी हलक्या हाताने, ठरावीक दिशेने सरकवतात, म्हणजे वरच्या थरातली लसीका चांगल्या वाहिन्यांकडे वळते. जोर लावायचाच नसतो. मसाज करताना दुखत असेल तर तो चुकीचा चाललाय असं समजायचं.

काही सर्जन टाके भरल्यावर हा मसाज सुचवतात, काहींना त्याची गरज वाटत नाही. करायचाच असेल तर सर्जनची परवानगी घेऊन आणि शिकलेल्या फिजिओथेरपिस्टकडूनच करा. ब्युटी पार्लरमधला 'डिटॉक्स मसाज' म्हणजे हा नव्हे. आणि जंतुसंसर्ग किंवा रक्ताची गुठळी असेल तर मसाज अजिबात करत नाहीत.

आता मुख्य मुद्दा, कोणत्या सुजेला घाबरायचं?

साधी सूज दोन्ही हातांना असते, हळूहळू वाढते, हात उंच ठेवल्यावर थोडी तरी उतरते आणि दुखणं औषधाने आटोक्यात राहतं. यात बसत नाही, ती सूज दाखवायलाच हवी.

एकच दंड काही तासांत फुगला, टणक झाला, दुखणं अचानक वाढलं: आत रक्त साचत असू शकतं, त्याला हिमॅटोमा म्हणतात. हे बहुतेक वेळा पहिल्या एक-दोन दिवसांत होतं. कधीकधी पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन ते काढावं लागतं. सकाळपर्यंत वाट बघू नका.

आठ-पंधरा दिवसांनी एका जागी पाण्याच्या फुग्यासारखी डुगडुगणारी गाठ: हा सेरोमा, म्हणजे साचलेलं पाणी. डॉक्टर सुईने ते काढतात, कधी दोन-तीन वेळा काढावं लागतं. घरी दाबून किंवा टोचून काढायचं नाही.

उतरलेली सूज पुन्हा वाढली, लाली पसरतेय, जागा तापलेली, पू किंवा वास, ताप किंवा थंडी: जंतुसंसर्ग. लालीच्या कडेने पेनाने रेघ मारा आणि वेळ लिहा. रेघ ओलांडली तर ती पसरतेय. रेघ मारून वाट मात्र बघू नका, त्याच दिवशी दाखवा.

बोटं निळी किंवा पांढरी, गार पडलेली, हलवता येत नाहीत: रक्तपुरवठा अडतोय. गारमेंट सैल करा आणि थेट हॉस्पिटल गाठा.

एकाच पायाच्या पोटरीत सूज आणि दुखणं: पायात रक्ताची गुठळी असू शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर अचानक दम लागतो, छातीत दुखतं, खोकल्यातून रक्त येतं. असं काही झालं तर १०८ ला फोन करा. 'अॅसिडिटी असेल' म्हणून थांबू नका.

तीन महिन्यांनंतरही पंजा किंवा मनगट सुजलेलंच आहे, दाबल्यावर खड्डा पडतोय: लसीकेचा प्रवाह पुरता सुरळीत झालेला नसू शकतो. याला लिम्फेडिमा म्हणतात. लवकर उपचार सुरू केले तर आटोक्यात येतो, उशीर झाला तर कायमचा बसतो.

बधिरपणाबद्दल एक शब्द. दंडाच्या आतून एक संवेदनेची नस जाते, ती कोपराखालच्या आतल्या भागाला स्पर्श पुरवते. ती ताणली गेली तर तो भाग काही महिने बधिर राहू शकतो. बहुतेकांना स्पर्श हळूहळू परत येतो. विजेसारख्या कळा येत असतील किंवा बोटांची ताकद कमी वाटत असेल, तर मात्र सांगायला हवं.

कोणी आधीच सांगायला हवं?

काही गोष्टी ऑपरेशनच्या आधीच उघड बोलल्या तर पुढचा मोठा त्रास वाचतो.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील किंवा तिथे रेडिएशन घेतलं असेल, तर त्या हाताची लसीका यंत्रणा आधीच अशक्त असते. अशा हातावर आर्म लिफ्ट करायचं की नाही, याचाच विचार करावा लागतो.

हत्तीरोगाचंही तेच. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर या भागाला हा आजार नवा नाही. डासांतून शिरलेले जंत या आजारात नेमक्या लसीका वाहिन्यांमध्येच घर करतात आणि सूज कायमची बसते. पूर्वी कधी हत्तीरोगाची लागण झाली असेल, तर सर्जनला सांगा.

वजन कमी करणारी इंजेक्शनं चालू असतील तर भूलतज्ज्ञांना आवर्जून कळवा. या औषधांनी पोट हळू रिकामं होतं, त्यामुळे उपाशी राहूनही पोटात अन्न उरू शकतं आणि भूल देताना ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. औषध कधी थांबवायचं हे तेच ठरवतील. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, डायबेटिस, पूर्वी झालेली गुठळी आणि चालू असलेली आयुर्वेदिक औषधं, ही यादीही लिहूनच न्या.

वजन उतरायचं थांबून काही महिने स्थिर राहिलं की मगच हे ऑपरेशन करतात. नाहीतर पुन्हा कातडी सैल पडते आणि सगळं मुसळ केरात.

आणि हो, सर्जनची पदवी बघा. प्लास्टिक सर्जरीत एम.सी.एच. किंवा डी.एन.बी. असायला हवी. नोंदणी आहे की नाही ते महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तपासता येतं. रात्री सूज वाढली तर कोणत्या नंबरवर फोन करायचा आणि तो कोण उचलणार, हे पैसे भरण्याआधीच विचारून घ्या.

घरच्यांनी काय करायचं?

हे ऑपरेशन करून घेणाऱ्यांत बायकांचं प्रमाण मोठं आहे. आणि बाई घरात दिसली की कणीक मळायला, केर काढायला, कपडे पिळायला तिचाच हात पुढे येतो. त्यात 'हौसेचं ऑपरेशन' असा टोमणा बसलेला असेल तर ती विश्रांती मागायलाही संकोचते. मग पाचव्या दिवशी बादली उचलली जाते आणि सहाव्या दिवशी दंड फुगतो.

ऑपरेशन हौसेचं असो की गरजेचं, जखमेला त्यातलं काहीच कळत नाही. तिला वेळ तेवढाच लागतो. त्यामुळे किमान पहिले दोन आठवडे स्वयंपाक, पाणी भरणं, मुलांना उचलणं कोण बघणार हे तारीख घेण्याआधीच ठरवा. केस विंचरायला, ब्लाउजची बटणं लावायला, अंथरुणातून उठायला मदत लागणार. उठताना हातावर भार द्यायचा नाही, मागून पाठीला आधार द्यायचा. पुढून उघडणारे सैल कपडे आधीच काढून ठेवा. आणि नंतर कधी रक्त तपासायला किंवा बीपी बघायला कुणी आलं, तर दोन्ही दंडांवर टाके आहेत हे आधी सांगा.

थोडक्यात काय?

आर्म लिफ्टनंतर सूज येणारच, आणि तिसऱ्या दिवशी ती सगळ्यात वाईट दिसणार. हात उंच, गारमेंट नीट, मूठ उघड-बंद, मीठ कमी, प्रोटीन भरपूर, तंबाखू बंद, वजन उचलायचं नाही. एवढं सांभाळलं तर सहा आठवड्यांत बराच फरक दिसतो आणि सहा महिन्यांत दंडाचा खरा आकार कळतो. त्याच्या आधी कुणाच्या रीलशी आपल्या हाताची तुलना करू नका.

पण एकच हात अचानक फुगला, उतरलेली सूज परत चढली, ताप आला, बोटं निळी पडली किंवा दम लागला, तर टेप, उशा आणि घरगुती सल्ले बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरला फोन लावा. अशा वेळी रात्रीचे किती वाजलेत, हे बघायचं नसतं.